हरिपूरचं पेव, वाड्यातला सरदार आणि तुझी रेवती

वाईहून एका नवलेखिकेने आपल्या पहिल्या व्हॅम्पायर-कादंबरीचं हस्तलिखित पाठवलं आणि सोबत हा प्रश्न: "ताई, माझी रेवती कराटेत ब्लॅक बेल्ट आहे, बुलेट चालवते, कुणाच्या बापाला भीत नाही. तीन व्हॅम्पायर एकटीने संपवते. तरी मैत्रीण म्हणाली, तुझी नायिका मिळमिळीत आहे. मग कणखर नायिकेने आणखी काय करायचं असतं? आणि व्हॅम्पायरच्या गोष्टीत बाई खरंच स्वतंत्र असू शकते का, का शेवटी त्याच्या प्रेमात पडून त्याच्यासारखंच व्हायचं एवढंच तिच्या नशिबी?"

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. एकदा रात्री, एकदा भर दुपारी. भयकथा उन्हात वाचून किती उरते हे बघायची माझी जुनी खोड आहे. तुझी बरीच उरली. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, झोपणारा व्हॅम्पायर सरदार ही कल्पना तर इतकी आवडली की इथे सांगलीत राहून ती मला कधी सुचली नाही याची थोडी चुटपुट लागली. ड्रॅक्युलाला मायभूमीच्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या जहाजात घालून इंग्लंडला न्याव्या लागल्या. आपल्याकडे अरुंद तोंडाची, आत सुरईसारखी पसरत गेलेली, खोल, कोरडी, काळोखी पेवं जमिनीत आयतीच आहेत. हळदीला जे मानवतं ते त्यालाही मानवणार.

आता मैत्रिणीबद्दल. तिचं निदान चुकलंय, पण दुखणं खरं आहे. मी पेन्सिल घेऊन बसले आणि रेवतीला नवी माहिती कुठे कुठे मिळते तिथे खुणा केल्या. अकरा जागा निघाल्या. त्यातल्या नऊ ठिकाणी कुणी ना कुणी पुरुष तिला समोर बसवून सांगतो: मामा, वाड्यातले गुरव, निवृत्त फौजदार, आणि शेवटी तर सरदार स्वतःच अडीच पानं आपला इतिहास ऐकवतो. उरलेल्या दोन ठिकाणी तिला स्वप्न पडतं. तिने स्वतः हुडकून काढलेली गोष्ट एकही नाही. मग लाथा कितीही मारू दे, वाचणाऱ्याला ती बोट धरून नेलेलीच वाटणार. मारामारीची तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवून कादंबरी वाचून बघ. गोष्ट तसूभरही बदलत नाही. पंचवीसेक वर्षं मी इथे बसून लोकांच्या गूढकथा-भयकथा तपासते, दिवाळी अंकांच्या आणि थोड्या अनुवादाच्याही, आणि हा दोष मला दर वर्षी भेटतो. लिहिणारे बहुतेक वेळा नायिकेच्या हातात तलवार देतात आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात ठेवतात.

हा दोष कसा टाळायचा हे शिकायला मी सगळ्यांना १८९७ कडेच पाठवते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आपल्याकडे बहुतेकांनी सिनेमातून पाहिलेली असते, आणि सिनेमातली मीना म्हणजे पांढऱ्या झग्यातली भेदरलेली बाई. कादंबरीतली मीना शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. तिने लघुलेखन शिकून घेतलंय, टाइपरायटर चालवते, आणि आगगाड्यांची वेळापत्रकं तिला पाठ आहेत, कारण नवऱ्याच्या वकिली कामात ती उपयोगी पडतील असं तिला वाटतं. ड्रॅक्युलाशी गाठ पडलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाने आपापल्या डायऱ्या, पत्रं, तारा वेगवेगळ्या लिहून ठेवलेल्या असतात. डॉक्टर सीवर्ड तर फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो, आणि त्यातलं नेमकं काही शोधायचं झालं तर कसं शोधायचं हे त्यालाच माहीत नसतं. हा सगळा पसारा मीना टाइप करते, तारखेवार लावते, आणि तेव्हा कुठे त्या शूर पुरुषांना कळतं की आपण सगळे एकाच सैतानाशी झुंजतोय. आपण वाचतो ती कादंबरी म्हणजे मीनाने लावलेली फाइलच आहे.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. मीना टाइप करताना जास्तीच्या प्रती काढते. पुढे ही मंडळी राहत असतात त्या घरात ड्रॅक्युला शिरतो तेव्हा हस्तलिखित आणि नळकांडी दोन्ही आगीत टाकतो. पण एक प्रत तिजोरीत असते. कार्यालयात काम केलेली कुठलीही बाई हे वाचून गालात हसेल.

आणि आता तुझ्या कामाचा भाग. प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग मीनाच्या बुद्धीची तोंड भरून स्तुती करतो, तिला पुरुषाचा मेंदू आहे म्हणतो, आणि लगेच ठरवतो की यापुढचं तिला काही सांगायचं नाही. हे बाईचं काम नव्हे. सगळे मान डोलावतात, ती बिचारी झोपायला जाते. हे बहाद्दर ड्रॅक्युलाच्या पेट्या शोधत बाहेर भटकत असतात तेव्हाच तो इकडे घरात येऊन तिचं रक्त पितो. ती दिवसेंदिवस पांढरी पडत चाललीय आणि नवऱ्याला वाटतं, दगदग झाली असेल. तिला माहिती असती तर तिने स्वतःची लक्षणं ओळखली असती, कारण मैत्रिणीच्या बाबतीत तीच लक्षणं तिने आधी स्वतःच्या हाताने टिपून ठेवली होती.

ती मैत्रीण लूसी. तिच्या बाबतीतही हेच. व्हॅन हेल्सिंग तिच्या खोलीत लसणीची फुलं लावतो, गळ्यात माळ घालतो, खिडक्या बंद करतो, पण का ते ना लूसीला सांगत, ना तिच्या आईला. आई रात्री येते, खोलीत फार कोंदट वास येतोय म्हणून फुलं काढून टाकते आणि खिडकी उघडते. सकाळी तेच ती मोठ्या कौतुकाने डॉक्टरांना सांगते. (आपल्या खानापूर-आटपाडीकडची आई असती तर लसूण काढायच्या ऐवजी ठेच्यात घातली असती, पण ते असो.) चार पुरुषांनी लूसीला आपलं रक्त दिलं, आणि तेही रक्तगटांचा शोध लागायच्या आधी; तो लागला १९०१ च्या सुमारास. इतकं करूनही ती गेली. चार जणांचं रक्त कामी आलं नाही तिथे आईशी दोन मिनिटं नीट बोलणं कामी आलं असतं. शेरिडन ले फानूची 'कार्मिला' याच्याही पंचवीस वर्षं आधीची, १८७२ ची. तिथे खुद्द व्हॅम्पायरच बाई आहे, पण बळी पडणाऱ्या लॉराशी वागणं तेच: डॉक्टर येतात, तिच्या वडिलांना बाजूला घेऊन बोलतात, आणि जिच्या मानेवर खुणा आहेत तिला काही सांगत नाहीत.

मीनाचा शेवटचा डाव मात्र बघ. ड्रॅक्युला पळतो तेव्हा मंडळी हतबल होतात. ती कागद पुढ्यात घेते आणि लिहून काढते: तो परत जाणार कसा? रस्त्याने, रेल्वेने की पाण्याने? एकेका वाटेत त्याला अडचण काय, ते मांडते आणि ठरवते की तो नदीनेच जाईल, आणि कुठल्या नदीने तेही सांगते. पुढचा सगळा पाठलाग त्या एका कागदावर चालतो. शेवटच्या प्रसंगी सुरे चालवणारे पुरुषच आहेत. मीना खडकाआड, हत्यार सज्ज ठेवून. आणि शेवटच्या टिपणात स्टोकर तिला मुलाची आई करून, शाबासकी देऊन घरी बसवतो. माझं मत असं की लेखक आपल्याच नायिकेला थोडा घाबरला. पण तिने लावलेली फाइल त्याला मागे घेता आली नाही, कारण ती मागे घेतली असती तर कादंबरीच उरली नसती.

तेव्हा रेवतीचं टाइपरायटर शोध. ते तुझ्याच हस्तलिखितात आहे. दुसऱ्या प्रकरणात ती मामाच्या अडत दुकानात कीर्द-खतावणी लिहिते असं तू एका वाक्यात सांगून टाकलंयस, आणि पुढची दीडशे पानं तिला दुकानात जायला सवडच नाही. अगं, तिथेच तर सगळं आहे! हळदीची पेवं भाड्याने दिली जातात. कुणाचा माल कुठल्या पेवात, कधी भरला, कधी काढला, भाडं कुणी भरलं, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असणार. एखादं पेव असं असेल की ज्याचं भाडं वर्षानुवर्षं वेळेवर येतंय आणि माल मात्र एकदाही बाहेर निघालेला नाही. ती ओळ रेवतीने बघितली पाहिजे. हिशोब जुळत नाही म्हणून ती चिडली पाहिजे. भीती त्यानंतर वाटू दे. आत्ता तिला ते पेव सापडतं कसं, तर सरदाराच्या घोड्याच्या टापा ऐकू येतात म्हणून. सांगलीच्या मार्केट यार्डात ट्रकच्या हॉर्नमधून टापा ऐकू येणं मला जड गेलं.

दुसरं, पाणी. स्टोकरच्या व्हॅम्पायरला वाहतं पाणी मनाला येईल तेव्हा ओलांडता येत नाही. भरती-ओहोटीच्या ठरलेल्या वेळीच जमतं. तू हा नियम घेतलायस, छान केलंस, पण मग तुझा सरदार रोज रात्री नदीपलीकडच्या सांगलवाडीहून कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून गावात येतो कसा? पूल चालतो असं ठरवायचं असेल तर ठरव, तुझी गोष्ट आहे. नाहीतर हे बघ: कृष्णेला भरती-ओहोटी नाही, तिला पूर आहे. तुझी कादंबरी २०१९ च्या ऑगस्टमधली. त्या दिवसांत सांगलीतलं प्रत्येक माणूस सकाळी उठून आधी मोबाइलवर आयर्विन पुलाची पातळी बघत होतं. इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ होतं. तुझ्या रेवतीने बळींच्या तारखा एका बाजूला आणि पाण्याची पातळी दुसऱ्या बाजूला लिहून काढली, तर तिला कळेल तो कुठल्या दिवशी नदीच्या कुठल्या अंगाला अडकलाय. मीनाचं जे आगगाड्यांचं वेळापत्रक, तेच आपलं आयर्विनचं. सांगली-साताऱ्याच्या बाईला जे उपजत ठाऊक असतं, त्यानेच इथल्या सरदाराला गाठलं पाहिजे. कराटे काय, पुण्याच्या बाईलाही येतं.

पैशाचा मुद्दा तुझ्या प्रश्नात नाही, पण 'स्वतंत्र' म्हणताना मला आधी तोच आठवतो. लूसी चांगल्या पैसेवाल्या घरातली. पण तिची आई मृत्युपत्र करून सगळं लूसीच्या भावी नवऱ्याच्या नावावर ठेवून जाते. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ लाच झाला होता, तरीही. म्हणजे लूसीला तीन पुरुष एका दिवसात मागणी घालतात, आणि तिच्या नावावर घराची वीटही नाही. याच्या नेमकी उलट मला 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही अमेरिकन मालिका वाटते, १९९७ ते २००३, सात सीझन. व्हॅम्पायर मारणारी ही बफी लाथा-बुक्क्यांची राणी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मी कार्यशाळेत लाथा वगळून तिच्या तीन गोष्टी सांगते.

पहिली. तिच्यावर देखरेख करणारी जुन्या पुरुषी थाटाची एक परिषद आहे. बफी अठरा वर्षांची होते तेव्हा परीक्षा म्हणून ही परिषद तिला न सांगता औषध टोचून तिची ताकद काढून घेते आणि तिला एका वेड्या व्हॅम्पायरपुढे सोडते. हा व्हॅम्पायर सारखा गोळ्या घेणारा. बफी त्याच्या प्यायच्या पाण्याच्या जागी पवित्र पाणी ठेवते. तो गोळी घेतो, पाणी पितो, संपतो. अंगात बळ नसताना ती काय करते, हे लेखकाने एकदा तरी दाखवावंच लागतं. नाहीतर बळ तिचं की पटकथेचं, ते कळत नाही.

दुसरी. दोन सीझननंतर परिषद पुन्हा येते आणि अटी घालू लागते. बफीच्या ध्यानात येतं की यांच्याजवळ पोथ्या आहेत, पण लढणारी मी एकटीच. ती उभी राहून आपल्या अटी सांगते, आणि त्यातली एक म्हणजे त्यांनी काढून टाकलेल्या तिच्या शिक्षकाला परत कामावर घ्यायचं, आणि मागचा पगार थकबाकीसकट द्यायचा. थकबाकी मागणारी नायिका मला वाघाचा जबडा फाडणाऱ्या नायिकेपेक्षा खरी वाटते.

तिसरी. आई गेल्यावर बफीच्या घरात आजारपणाची बिलं येऊन पडतात, तळघरातले नळ फुटतात, धाकटी बहीण शाळेत. जग वाचवायचे पैसे तिला कुणी देत नाही. मग ती बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभी राहते. या भागांना प्रेक्षकांनी नाकं मुरडली होती. मला ते फार मोलाचे वाटतात. रेवती रात्रभर सरदाराच्या मागे फिरते. सकाळी आठला सौद्याला कोण जातं? मामा खाडे मांडतो का? पगार कापतो का? एवढं एक पान लिहून बघ, ती लगेच दोन पायांवर उभी राहील.

आता प्रेम. तुझा खरा प्रश्न मला वाटतं हाच आहे, बाकीचं तू त्याच्याभोवती गुंडाळून पाठवलंस. २००५ ते २००८ या काळात आलेल्या 'ट्वायलाइट'च्या चार पुस्तकांनी तुझ्या पिढीच्या डोक्यात माणसातली बेला आणि तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड पक्के बसवले, आणि बेला दुबळी की खंबीर यावर तेव्हापासून भांडणं चालू आहेत. मी तिच्यावर लोक करतात तेवढा राग करत नाही. तिला काय हवंय ते पहिल्यापासून ठाऊक असतं, ती ते मागत राहते, सगळे नको म्हणत असताना मिळवते, आणि शेवटच्या पुस्तकात सगळ्यांना वाचवणारी ढालही तीच होते. माझी तक्रार वेगळी आहे. एडवर्ड निघून जातो तेव्हा दुसऱ्या पुस्तकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे नुसते महिन्यांची नावं लिहिलेले कोरे कागद येतात. युक्ती म्हणून झकास आहे. पण त्या चार कोऱ्या पानांत तिचं स्वतःचं असं काहीच घडत नाही हे लेखिकेला किती सहज चाललं! कुठला अभ्यास नाही, कुठला छंद नाही, कुणाशी भांडण नाही. वडिलांसाठी स्वयंपाक तेवढा ती करत असणार. आपल्याकडच्या वाचक मुलींना ते अजिबात खटकलं नाही, कारण तेवढं तर त्याही करतातच.

बेला सतत संकटात सापडणारी अबला आहे या टीकेला उत्तर म्हणून स्टेफनी मायर यांनी २०१५ मध्ये तीच गोष्ट पुन्हा लिहिली, मुलगा माणूस आणि मुलगी व्हॅम्पायर अशी अदलाबदल करून. पुस्तक म्हणून ते मला कंटाळवाणं वाटलं, पण कसोटी म्हणून अस्सल आहे. तुझ्या सातव्या प्रकरणात रेवतीच्या जागी 'रमेश' घाल आणि सरदाराच्या जागी 'सरदारीणबाई'. रमेश रात्री गच्चीवर उभा आहे, सरदारीणबाई मागून येऊन त्याची हनुवटी धरून म्हणते, तू माझा आहेस, आणि रमेशच्या पायांतलं त्राण जातं. हसू आलं ना? जिथे जिथे हसू येईल तिथे रेवतीला काम दिलेलं नाही असं समज. जिथे येणार नाही, ते ठेव.

प्रेमात पडू दे तिला, खुशाल पडू दे. प्रेमात पडून बाई दुबळी होत असती तर आपल्या सगळ्या लावण्या वाया गेल्या असत्या. मला बघायचं असतं ते एवढंच, की 'ये' म्हणण्याचा हक्क कुणाकडे आहे आणि 'जा' म्हणण्याचा आहे का. व्हॅम्पायरकथेत हा कायदाच आहे बघ: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला उंबरा आड येतो. जगात इतर कुठल्या राक्षसाला बाईची परवानगी लागत नाही, यालाच लागते. म्हणून तर बायका या गोष्टी इतक्या वाचतात, असं आपलं माझं मत. पण बहुतेक कथांत परवानगी दुसराच कुणी देऊन बसतो. मीना राहत असते त्या वेड्यांच्या इस्पितळात ड्रॅक्युलाला आत घेतो तो तिथला एक रुग्ण, रेनफील्ड. भोगते मीना.

हा कायदा सगळ्यात हुशारीने वापरला शार्लेन हॅरिस यांनी. त्यांची सूकी अमेरिकेतल्या लुइझियानात एका बारमध्ये वेट्रेस आहे. लोकांच्या मनातलं तिला ऐकू येतं आणि त्याचा तिला वीट आलाय. व्हॅम्पायरच्या मनातलं ऐकू येत नाही, म्हणून त्याच्याजवळ बसलं की तिला शांत वाटतं. प्रेमाचं इतकं पटणारं कारण मी फार कमी कादंबऱ्यांत वाचलंय. तो देखणा आहे, श्रीमंत आहे, वगैरे नाही. तो गप्प आहे! शिवाय पहिल्याच पुस्तकात (२००१) त्याचं रक्त चोरणाऱ्या जोडप्याच्या तावडीतून त्याला सोडवते ती. आणि तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी, तो आणि आणखी एक व्हॅम्पायर अशा दोघांनी डोकं उठवल्यावर, ती आपल्या घरात उभी राहून दिलेलं आमंत्रण परत घेते. दोघांनाही मुकाट बाहेर व्हावं लागतं. एकही ठोसा नाही. घर तिचं, आजीने ठेवलेलं. तुझ्या रेवतीचं घर कुणाचं आहे? तू लिहिलंयस मामाचं. मग तिच्या 'नको'ला त्या दारात किंमत किती, हे तुझ्या कादंबरीला विचारावंच लागेल.

आणि 'शेवटी त्याच्यासारखंच व्हायचं का' याचं उत्तर: हवं तर हो, पण झाल्यावर तिला एकटीला जगता येतं का ते बघ. ॲन राइस यांच्या १९७६ च्या कादंबरीतली क्लॉडिया पाच वर्षांची असताना दोन पुरुष व्हॅम्पायर तिला आपल्यात ओढतात. मन वाढत जातं, शरीर पाच वर्षांचंच. ती आपल्या निर्मात्याच्या खुनाचा बेत रचू शकते, पण परक्या गावात एकटी हॉटेलची खोलीही घेऊ शकत नाही. तिला स्वतःसाठी आई शोधावी लागते. ज्यांनी तिला अमर केलं त्यांनी तिला कायमचं अवलंबून ठेवलं, आणि हे तिला कळतं, म्हणून ती थरकाप उडवते. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या २००५ च्या 'फ्लेजलिंग'मधली शोरी याच्या उलट: दिसायला लहान मुलगी, वय त्रेपन्न, काळ्या कातडीमुळे दिवसाही वावरू शकणारी, आणि आपल्या लोकांच्या न्यायसभेत उभी राहून आपल्या कुटुंबाच्या खुनाचा जाब विचारणारी. ते पुस्तक अस्वस्थ करतं, सगळ्यांना झेपेल असं नाही, पण तू वाच.

परदेशी उदाहरणं खूप झाली. आपल्याकडे रक्त पिणारा काउंट नव्हता, आपल्याकडे बायकाच होत्या. हडळ, जखीण, अळवंतीण. बाळंतपणात गेलेली, छळून मारलेली, नको ते भोगून मेलेली. म्हणजे आपल्या भुताला आधी एक तक्रार असते, दात मागाहून येतात. माझी आजी खटाव तालुक्यातली. तिच्या गोष्टीत एक गडी चिंचेखाली हडळीची बट कापतो आणि घरी आणून लपवतो. बट ज्याच्याकडे, त्याची ती दासी. ती त्याच्या घरात सून होऊन नांदते, जात्यावर दळते, पाणी भरते, पोरं होतात. दळताना, सारवताना, झाडताना ती बट शोधत असते. बट असते ज्वारीच्या कणगीत, अगदी तळाला. सुगीमागून सुगी येते, कणगी वरून भरत राहते. मग दुष्काळ पडतो. कणगी रिकामी होत जाते, आणि एक दिवस तळ खरवडताना तिच्या हाताला केस लागतात.

आजी इथे थांबायची आणि तंबाखू मळायची. आम्ही विचारायचो, मग? मग काय, म्हणायची, त्या दिवसाची भाकरी तिने थापली, पोरांना वाढली, आणि गेली. लहानपणी मला त्या गड्याची दया यायची. आता तिने किती वर्षं दर सुगीला त्या भरलेल्या कणगीकडे कसं बघितलं असेल याचा विचार येतो. मी कार्यशाळेत कणखर नायिका म्हणून बफीच्या आधी हिला सांगते. तुझी रेवती सरदाराच्या वाड्यात चौदा दिवस कैदेत असते ना? ते चौदा दिवस तू एका परिच्छेदात उरकलेस आणि सुटकेची मारामारी अकरा पानं. उलट कर. चौदा दिवस ती काय शोधत होती?

शेवटच्या प्रसंगाबद्दल एकच सुचवते, कारण तो तू मनापासून लिहिलायस आणि मला तो मोडायचा नाही. रेवती पेवाचं तोंड उघडते आणि सळसळत आत उतरते, असं लिहिलंस. हरिपूरचं कुणीही म्हातारं माणूस हे वाचून पुस्तक खाली ठेवेल. बंद पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत. आतली हवा मारते. तोंड मोकळं ठेवून थांबायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. आता गंमत बघ: तुझा सरदार श्वासच घेत नाही, त्याला त्या हवेचं काही नाही. म्हणजे ते पेव त्याचा किल्ला आहे, आणि पहारेकरी कोण, तर नुसती हवा. तुझा तो तडफदार इन्स्पेक्टर तिला मागे सारून उडी टाकू दे. तो आत कोसळेल. रेवतीने दोर आधीच आणलेला असू दे, कारण मामाच्या दुकानात हे तिने शंभरदा पाहिलंय. सूर्य मावळायला किती वेळ उरला आणि कंदील किती वेळाने तगतो, ही दोन गणितं डोक्यात घेऊन ती काठावर उभी आहे. यापुढे तुला कराटे लागणार नाही.

आणि एक राहिलं. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्याखाली गेली, कित्येक कायमची गेली. तुझा सरदार दीडशे वर्षं त्याच पेवात आहे म्हणतेस, मग त्या आठवड्यात तो कुठे होता? पाणी चढत असताना कुणीतरी त्याची पेटी वर काढून घरात घेतली असणार, 'ये' म्हटलं असणार. जुन्या खतावणीत त्या तारखेला रेवतीला एक नोंद सापडू दे: पेटी एक, हमाली अमुक, ठेवली घरच्या माडीवर. ती नोंद मामाच्या अक्षरात आहे की तिच्या आईच्या, ते तू ठरव आणि मग मला नववं प्रकरण पुन्हा पाठव.